थुंकीचा नमुना परत का येतो?

कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या प्रयोगशाळेत 'डबीत थुंकी दिली होती, मग परत का केली?' असे काउंटरवर वारंवार विचारले जाते, म्हणून हे माहितीपत्रक.

परत केलेल्या डबीत बहुधा लाळ असते. डॉक्टरांना छातीतून खोकून काढलेला बेडका हवा असतो, कारण फुफ्फुसातील रोगप्रतिकारक पेशी त्यातच सापडतात. वायुकोशांत 'मॅक्रोफेज' नावाच्या भक्षक पेशी कायम पहाऱ्यावर असून श्वासाबरोबर आलेली धूळ, काजळी आणि जंतू त्या गिळतात. वर्षानुवर्षे धुरात काम केलेल्या माणसाच्या बेडक्यात त्या काळ्या कणांनी भरलेल्या दिसतात. जंतूंचा जोर वाढला की रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. रिपोर्टमधील 'पस सेल्स' त्या ह्याच. दम्यात अनेकदा इओसिनोफिल ह्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात. मात्र ही फौज कधी नुकसानही करते. फाउंड्रीतील सिलिकाची बारीक धूळ गिळलेली भक्षक पेशी ती पचवू न शकल्याने मरते, आणि तिने सोडलेल्या द्रव्यांमुळे फुफ्फुस हळूहळू कठीण होत जाते. क्षयाचा जंतू तर तिच्या पोटातच तग धरतो.

लाळेत दिसतात त्या तोंडाच्या अस्तराच्या चपट्या पेशी. कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) लावण्यापूर्वी आम्ही स्लाइड रंगवून पाहतो: लहान भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात पस सेल्स 25 पेक्षा अधिक आणि चपट्या पेशी 10 पेक्षा कमी असल्यास नमुना उत्तम. लाळेचे कल्चर लावून पैसे घेणे आम्हाला सोपे आहे, परंतु त्यात तोंडातले जंतू वाढतात आणि रुग्णाला नको ते अँटिबायोटिक सुरू होण्याचा धोका राहतो. कर्करोगाच्या औषधांमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्यांनी आधी सांगावे. त्यांना हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. क्षयाच्या तपासणीलाही तो लागू नाही, पण बेडका तेथेही हवाच. (ती तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.)

सकाळी उठल्यावर, चहा किंवा मिश्रीपूर्वी, साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर, पोटातून जोर लावून खोकावे. चमचाभर घट्ट बेडका पुरेसा असतो. डबी दोन तासांत पोहोचवावी. राधानगरी, गारगोटीकडून येणाऱ्यांनी नमुना आमच्याकडे गच्चीवरच द्यावा, तेथे आमचा तंत्रज्ञ शेजारी उभा राहून समजावतो. निर्जंतुक डबी आदल्या दिवशी विनामूल्य मिळते, आणि परत केलेल्या नमुन्याऐवजी दिलेल्या दुसऱ्या नमुन्याचे शुल्क आम्ही घेत नाही.