टेप बदलणे, कंपनीचे स्पीकर राखून

टेप बदलणे : मोटारीबरोबर कारखान्यातून आलेला संगीतसंच काढून त्याच्या जागी बाजारातला दुसरा संच बसवणे. बोस, जेबीएल, हरमन, सोनी, कँटन अशा नावांची ध्वनियंत्रणा मुळातच असलेल्या गाडीत हे काम वेगळे आणि अवघड होते. तिथे मालकाला पडदा नवा हवा असतो, स्पीकर मात्र तेच ठेवायचे असतात. कॅसेट जाऊन जमाना झाला तरी कोल्हापुरात या संचाला टेपच म्हणतात : ‘कंपनीचा टेप’, ‘बाहेरचा टेप’, ‘अँड्रॉइड टेप’. या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे.

साध्या गाडीत टेप हेच सर्वस्व असते. रेडिओ पकडणे, फोनवरचे गाणे घेणे, आवाज मोठा करून चार दारांतल्या चार स्पीकरना पोचवणे, हे सगळे एकाच डब्यात होते. उंची यंत्रणेत टेप फक्त गाणे निवडतो आणि पुढे धाडतो. आवाज घडतो तो ड्रायव्हरच्या सीटखाली, डॅशबोर्डमागे किंवा डिकीच्या बाजूच्या पोकळीत बसवलेल्या ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या वेगळ्या डब्यात. कोणत्या स्पीकरला जाड-बारीक सुरांचा कोणता पट्टा द्यायचा, उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला गायक समोर वाटावा म्हणून कोणता आवाज किती उशिरा सोडायचा, आवाज कमी असताना बास किती उचलायचा, हे सारे त्या विशिष्ट गाडीच्या काचा, सीटचे कापड आणि दारांचा पत्रा यांचा हिशेब करून तिथे बसवलेले असते. म्हणून ‘स्पीकर राखायचे’ याचा खरा अर्थ ‘ॲम्प राखायचा’ असा आहे. एवढी एक गोष्ट न कळल्यामुळे चांगल्या गाड्यांचा आवाज बिघडलेला पुष्कळदा दिसतो.

मोटारीतल्या रेडिओचा व्यापारी इतिहास 1930 पासून मोजतात. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने त्या वर्षी ‘मोटोरोला’ नावाने गाडीचा रेडिओ आणला. जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने 1932 मध्ये युरोपातला पहिला आणला. विशिष्ट गाडीसाठी स्पीकर, ॲम्प आणि ध्वनिसमतोल एकत्र घडवण्याची कल्पना रुजली ती बोस आणि जनरल मोटर्स यांच्या सहकार्यातून. 1983 च्या मॉडेलची कॅडिलॅक सेव्हिल हे तिचे ठळक उदाहरण. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस हे बंगाली वडिलांचे चिरंजीव आणि एमआयटीतले प्राध्यापक होते. भारतात ही चैन आधी फक्त महागड्या आयात गाड्यांत दिसे. 2019 च्या टाटा हॅरिअरमधील जेबीएलचे नऊ स्पीकर, त्याच वर्षीच्या किआ सेल्टॉसमधील आणि 2020 च्या ह्युंदाई क्रेटामधील बोसचे आठ, 2021 च्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 मधील सोनीचे बारा यांमुळे ती मध्यमवर्गाच्या अंगणात आली, अर्थात वरच्या मॉडेलपुरती.

टेपच्या जागेचे माप ठरलेले असे. जर्मन मानकावरून ‘डिन’ म्हणतात ते तोंड 180 मिमी रुंद व 50 मिमी उंच, ‘डबल डिन’ 100 मिमी उंच. आता बहुतेक पडदे 7, 9 किंवा 10 इंची असतात आणि प्रत्येक गाडीची फ्रेम वेगळी मिळते. फ्रेम मिळाली नाही तर कोल्हापूरकर अडत नाही. शिवाजी उद्यमनगरात पत्रा कापून, वाकवून, भोके पाडून ब्रॅकेट करून घेता येते, आणि लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाने केलेले ते ब्रॅकेट खडखडत नाही. मापाचा प्रश्न या शहरात सुटतो. विजेचा प्रश्न मात्र हाताच्या कसबाने सुटत नाही, त्याला मोजमाप लागते.

त्यात पहिले मोजमाप ओहमचे, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला किती अडवतो त्याचे. बाजारातले टेप 4 ओहमच्या स्पीकरसाठी केलेले असतात. बोसच्या अनेक यंत्रणांतले स्पीकर 2 ओहमचे, काही त्याहूनही कमी असतात, कारण त्यांचा ॲम्प त्यासाठीच घडवलेला असतो. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे 14 व्होल्ट मिळतात. त्यातून टेपमधली चिप एका स्पीकरला फार तर 10 व्होल्टच्या आसपास परिणामकारक (आरएमएस) दाब देऊ शकते. 4 ओहमला त्यातून अडीच अँपिअर प्रवाह आणि 25 वॉट होतात. खोक्यावर छापलेले ‘50 × 4’ हे क्षणिक शिखर आहे, रोजचा आकडा 18 ते 22 वॉटचा. तीच चिप 2 ओहमला जोडली की प्रवाह पाच अँपिअरवर जातो, 1 ओहमला दहावर. पहिल्या दिवशी आवाज दणक्यात येतो आणि मालक खूश होऊन जातो. मग मे महिन्याच्या दुपारी, गाडी उन्हात उभी राहून तापलेली असताना, चिप गरम होऊन आवाज तुटायला लागतो आणि शेवटी बंदच पडतो.

दुसरी गोष्ट याहून घातक आहे. आजच्या टेपमध्ये स्पीकरची ‘मायनस’ वायर ही अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर, नसते. प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्टचा दाब उभा असतो आणि स्पीकर त्यांच्यातल्या फरकावर वाजतो. जुन्या सवयीने कुणी मायनस बॉडीला जोडली की चिप जळू शकते.

म्हणून वायरीला हात लावण्याआधी ॲम्प मध्ये आहे की नाही ते ओळखावे. पद्धत सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढावी, टेप बाहेर ओढावा, मागचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) सोडवावा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून स्पीकरच्या जोडीवर टोके लावावीत. काटा किंवा आकडा 3.2 ते 3.8 च्या दरम्यान थांबला तर समोर थेट 4 ओहमचा स्पीकर आहे, मध्ये कोणी नाही, काम साधे आहे. दीडाच्या आसपास आला तर 2 ओहमचा स्पीकर थेट टेपला आहे, आणि नव्या टेपला तो झेपेल का हे आधी त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. हजारांत आकडा आला किंवा काहीच लागले नाही, तर आपण स्पीकर मोजतच नाही आहोत, ॲम्पचे तोंड मोजतो आहोत. या मोजणीला दोन मिनिटे लागतात. ती केल्याशिवाय कात्री उचलणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नये असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

ॲम्प असला की तो कोणती भाषा समजतो हे पाहावे लागते. काही ॲम्पना साधा ध्वनिसंकेत तारेने येतो. तो बहुधा संतुलित असतो, म्हणजे दोन तारांवर एकच आवाज उलटसुलट धाडलेला असतो, त्यामुळे वाटेत शिरलेली खरखर आपोआप वजा होते. नव्या टेपच्या मागच्या आरसीए नावाच्या गोल खाचांतून निघणारा संकेत तसा नसतो. त्यात एक तार आवाजाची आणि दुसरी अर्थची. दोन्ही जशास तशी जोडली तर गाणे वाजते, पण सोबत अल्टरनेटरची शीळ येते. रंकाळ्याभोवती फेरी मारताना ती कळतही नाही. पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडू लागले की तीही चढते, उतारावर उतरते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर शीळ चढत-उतरत असेल तर दोष अर्थच्या जोडणीत शोधावा, स्पीकरमध्ये शोधू नये. असंतुलिताचे संतुलित करणारा अडॅप्टर मध्ये घातला आणि अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट धरली, की ती जाते. टेपची स्पीकरकडची ताकदवान जोडी ॲम्पच्या नाजूक तोंडात थेट घालणे हीही नेहमीची चूक. आवाज फाटतो, आणि मालकाला वाटते स्पीकर जुने झाले.

दुसऱ्या जातीचे ॲम्प तारेतून गाणे नव्हे, आकडे घेतात. जर्मन गाड्यांत ‘मोस्ट’ नावाचे प्रकाशतंतूचे जाळे असते, अलीकडच्या गाड्यांत ‘ए-टू-बी’ नावाचे तारेचे. शिवाय जागे होण्याचा हुकूम त्यांना ‘कॅन’ या गाडीच्या अंतर्गत संदेशवाहिनीवरून येतो. ही संदेशवाहिनी बॉशने 1986 मध्ये जाहीर केली. असा हुकूम न आल्यास ॲम्प मुका राहतो, वायर कितीही जोडा. इथे त्या मॉडेलसाठीच केलेला अडॅप्टर मिळाला तर काम करावे, नाहीतर करू नये.

नव्या टेपच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. पिवळी बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असली की मायनस. ॲम्पला उठवणारी वायर निळी-पांढरी. ती पिवळीवर चिकटवली तर ॲम्प कधी झोपत नाही आणि आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर गाडीला धक्का मारावा लागतो. गाडीकडच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे स्वतःचे. त्यांच्यावरून अंदाज बांधू नये.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीत हाच अंदाज बांधला गेला होता. “मालक, सगळ्या गाड्यांस्नी असंच बसतंय,” असे सांगून एका दुकानात मूळ कपलर कापला आणि ॲम्प बाजूला टाकून स्पीकर थेट टेपला दिले. डॅशबोर्डच्या मधला स्पीकर त्या दिवसापासून बंद, रिव्हर्सच्या सेन्सरची पिप बंद आणि वरचे सूर करकरीत. कापलेल्या सव्वीस वायरी एकेक ओळखून, सोल्डर करून, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून परत जोडायला दोन पूर्ण दिवस गेले. कोल्हापुरात टेप बसवायला जाणाऱ्याने दुकानात पाय ठेवतानाच म्हणायचे वाक्य एकच आहे : “दादा, वायर कापायची न्हाई. कपलर टू कपलर बसवा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.” चांगला कारागीर याने दुखावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हणून मन लावून काम करतो. असे कारागीर या शहरात आहेत, आणि त्यांना घाई करायला लावू नये.

टेपबरोबर काय काय जाते याचीही आधी यादी करावी. स्टिअरिंगवरची बटणे, मागचा कॅमेरा, पार्किंगची पिप, कॉलचा माइक, काही गाड्यांत एसीचे आकडे आणि दारांच्या कुलपांची सेटिंग. अँटेनाही विसरू नये. काचेतल्या किंवा छपरावरच्या छोट्या अँटेनाला आत स्वतःचा वर्धक असतो व त्याला 12 व्होल्ट लागतात. ती वायर सुटली की आकाशवाणी कोल्हापूर शहरात लागते आणि गगनबावड्याच्या वाटेवर लवकरच सुटते.

काम झाल्यावर पारख कानाने करावी, आणि त्यासाठी दणदणीत गाणे निवडू नये. बासने सगळे झाकले जाते. आधी तानपुरा लावावा. मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर, तिथला तानपुरा ज्याने जवळून ऐकला आहे त्याला जवारीचा गुंजारव पाठ असतो. तो गुंजारव कोरडा वाटला तर ट्विटरपर्यंत, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरपर्यंत, काही पोचत नाही. मग एकट्या गळ्याचे गाणे लावावे. गायिका डॅशबोर्डच्या मध्यावर उभी वाटली पाहिजे. आवाज दोन्ही दारांत विखुरला आणि तबल्याचा डग्गा पोकळ झाला, तर एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागले आहे. ॲम्पपासून सोडवलेल्या दाराच्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की स्पीकरचा पडदा बाहेर येतो, उलटा लागला की आत जातो. उस्ताद अल्लादिया खाँ ज्या शहरात दरबार गायक होते, जिथे देवल क्लब 1883 पासून गाणे ऐकवतो आहे, तिथे गाडीतल्या आवाजाला एवढी परीक्षा द्यायला लावणे योग्यच आहे.

कोल्हापूरची स्वतःची एक अडचण पंचगंगा आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. गाडीत फूटभर पाणी आले तर टेप कोरडा राहतो आणि सीटखालचा ॲम्प बुडतो. अशा गाडीत ‘टेप गेला’ समजून नवा बसवतात, तरी आवाज येत नाही. जुनी गाडी घेताना सीटखाली हात घालून ॲम्पच्या कपलरवर हिरवट थर आहे का ते बघावे. बाहेरून बसवलेला टेप विम्यात वेगळा नोंदवावा लागतो, नाहीतर पुराच्या दाव्यात तो धरला जात नाही.

अनेकदा टेप बदलण्याची गरजच नसते. लोकांना बहुधा फोनचा नकाशा आणि गाणी पडद्यावर हवी असतात. मूळ टेपमध्ये वायरचे कारप्ले (आयफोन पडद्यावर दाखवणारी सोय) असेल तर यूएसबीत लावायचा छोटा वायरलेस डबा पुरतो. जुन्या टेपला बाहेरचे गाणे घेणारी ऑक्सची खाच असेल तर ब्लूटूथचा रिसीव्हर. 2019 नंतरच्या, पडदा आणि एसी एकत्र असलेल्या गाड्यांत हाच मार्ग शहाणपणाचा, कारण वॉरंटीही शाबूत राहते. टेप खरोखर बदलावा तो डबल डिनच्या जुन्या गाड्यांत, जिथे मूळ पडदा फुटला आहे पण बोस किंवा कँटन अजून गोड वाजते.

काढलेला टेप भंगारात घालू नये. फ्रेम, स्क्रू आणि उरलेले कपलर यांसह तो त्याच खोक्यात भरून ठेवावा. गाडी विकताना गिऱ्हाईक तो मागते. काही टेप बॅटरीपासून सुटले की पुन्हा लावल्यावर चार आकडी कोड मागतात. तो गाडीच्या पुस्तिकेत किंवा सोबतच्या कार्डावर असतो. टेप बाहेर काढण्यापूर्वीच तो शोधून खोक्यावर पेनने लिहावा.