क्लस्टर बॉम्बबंदी : देशांतर्गत कायदे

क्लस्टर बॉम्बवरील आंतरराष्ट्रीय बंदी सदस्य देशांच्या स्वतःच्या कायद्यात, मुख्यतः फौजदारी कायद्यात, उतरवण्याची प्रक्रिया. हा बॉम्ब हवेत उघडतो आणि त्यातले छोटे बॉम्ब मोठ्या क्षेत्रावर विखुरतात. न फुटलेले बॉम्ब युद्ध संपल्यावरही शेतांत आणि पायवाटांवर पडून राहतात. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात टाकलेले असे बॉम्ब आजही माणसांचे जीव घेत आहेत.

बंदीचा करार ३० मे २००८ रोजी डब्लिन येथे संमत झाला, ३ डिसेंबरला ऑस्लो येथे सह्यांसाठी खुला झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून अमलात आला. वापर, उत्पादन, साठा व हस्तांतर यांना त्यात मनाई आहे. साठा नष्ट करण्यास ८ वर्षे आणि जमीन साफ करण्यास १० वर्षे अशी मुदत असून ती वाढवून मिळते.

करार बांधून घेतो तो देशाला. शस्त्रदलालाला किंवा कारखानदाराला तुरुंगात धाडायचे तर तो गुन्हा आणि त्याची शिक्षा देशाच्या कायद्यात लिहिलेली असावी लागते. म्हणूनच कलम ९ सदस्यांना दंडात्मक तरतुदी करायला सांगते. बेल्जियमने करारापूर्वीच, २००६ मध्ये, बंदी घातली. आयर्लंडचा कायदा २००८चा. न्यूझीलंडच्या २००९च्या कायद्यात कमाल शिक्षा ७ वर्षे कैदेची, तर ब्रिटनच्या २०१०च्या कायद्यात १४ वर्षांची आहे.

कायद्यांची खरी कसोटी ‘साहाय्य’ या मुद्द्यावर लागते. बंदी असलेल्या कृत्याला मदत करणेही कलम १ नुसार निषिद्ध आहे. कलम २१ मात्र करारात नसलेल्या मित्रदेशांबरोबर संयुक्त लष्करी कारवाईला मुभा देते. या मुभेचा अर्थ किती ताणायचा हे प्रत्येक संसदेने आपापल्या परीने ठरवले. ऑस्ट्रेलियाच्या २०१२च्या कायद्यानुसार अशा मित्रदेशांच्या सैन्याला तिथल्या तळांवर क्लस्टर बॉम्ब ठेवता येतात. कॅनडाच्या विधेयकात तर संयुक्त कारवाईत आपल्या सैनिकांनी ते वापरण्यालाही सूट होती. टीकेनंतर ‘वापर’ हा शब्द वगळला गेला, तरी २०१४च्या कायद्यात इतर अपवाद राहिले. असे अपवाद कराराच्या हेतूलाच छेद देतात. जिच्या शेतात बॉम्ब पडून आहे तिला तो कोणत्या देशाच्या सैन्याने टाकला याने काय फरक पडणार?

गुंतवणुकीबाबत करारात स्पष्ट शब्द नाहीत. बेल्जियमने २००७ मध्ये उत्पादकांना भांडवल पुरवण्यावर बंदी घातली. न्यूझीलंडच्या कायद्यानुसार, पैसा क्लस्टर बॉम्बच्या उत्पादनासाठी वापरला जाणार हे ठाऊक असताना तो पुरवणे गुन्हा आहे.

अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल व युक्रेन करारात नाहीत. करारातून बाहेर पडणारा पहिला देश लिथुएनिया. त्याची माघार ६ मार्च २०२५ रोजी लागू झाली. जिथे बंदीसाठी स्वतंत्र कायदा केलेला आहे, तिथे अशा माघारीने तो आपोआप रद्द होत नाही. संसदेला तो वेगळा मागे घ्यावा लागतो.