स्वतःला कमी लेखणे म्हणजे नम्रता नव्हे

ख्रिस्ती माणसाने स्तुती झटकावी, हक्क मागू नये, ‘मी कसला, मी तर धूळ’ म्हणत राहावे, हीच नम्रता असा समज मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समाजांत, पक्का आहे. आधार दिला जातो फिलिप्पैकरांस 2:3 चा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राचा. तिथे पौल पोकळ डौल सोडून इतरांना श्रेष्ठ मानायला सांगतो. पण पुढचे वचन बहुधा वाचलेच जात नाही: दुसऱ्यांच्या हिताकडेही पाहा. स्वतःला हिणवा, असे दोन्हीकडे नाही.

याच फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. अधिकारी गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमी नागरिक (ज्यांना चौकशीविना फटके मारता येत नसत), त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे (प्रेषितांची कृत्ये 16:37). योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो, तरी ‘गुरू’ आणि ‘प्रभू’ म्हणणे योग्यच आहे, असेही सांगतो.

सतत स्वतःला हिणवणारा बोलतो शेवटी स्वतःबद्दलच. (बायबलमधल्याच दुसऱ्या पत्रात, कलस्सैकरांस 2:23 मध्ये, दिखाऊ लीनतेचा समाचार घेतलाच आहे.) गायनाची स्तुती झाली तर ‘आभारी आहे’ म्हणावे, साथ देणाऱ्याचे नाव घ्यावे, बस्स. केलेल्या सेवेबद्दल नाव जाहीर झाले नाही म्हणून राग येतो का, हे मात्र तपासावे. पोकळ डौल बहुतेक वेळा तिथे सापडतो.