नक्षी जुळत नाही म्हणून दुनळी नकली ठरत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या वाड्यांत खंडेनवमीला दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, पूजेला निघतात आणि हमखास तोच समज ऐकू येतो: एकाच कंपनीच्या दोन बंदुकांची नक्षी जुळली नाही, तर त्यातली एक नकली. हे साफ चुकीचं आहे.

जुन्या चांगल्या दुनळ्यांवरची नक्षी कारागीर हाताने कोरत. गुलाब आणि वेलबुट्टी हा नमुना ठरलेला, पण पाकळ्या, वळणं, छायारेषा ज्याच्या त्याच्या हाताच्या. एकाच बंदुकीच्या डाव्या-उजव्या पट्ट्याही तंतोतंत जुळत नाहीत. उलट हुबेहूब सारखी नक्षी बहुधा यंत्राने दाबलेली असते.

दहापट भिंगातून पाहा. हाताची रेघ बारीक सुरू होते, मध्ये रुंदावते, पुन्हा निमुळती होते. यंत्राची रेघ सारख्या खोलीची, कडा बोथट. गंजाच्या खड्ड्यातून धारदार रेघ गेलेली दिसली, तर नक्षी नंतर कोरलेली आहे.

खरी तपासणी वेगळीच. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या उतरवा. त्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर चाचणीगृहाचे, म्हणजे जिथे बार उडवून नळ्यांची मजबुती तपासतात तिथले, शिक्के असतात. बेल्जियमच्या लिएज शहराचा शिक्का म्हणजे लंबगोलात ईएलजी (ELG) ही अक्षरं. शिक्का चाचणीचं ठिकाण सांगतो, कंपनी नव्हे. नळ्या आणि ॲक्शनवरचे (नळ्या ज्यात बसतात त्या भागावरचे) क्रमांक मात्र जुळायलाच हवेत.

आणि कृपा करून पूजेआधी चिंच किंवा पॉलिश पेपर घासू नका. सगळ्यात आधी छायारेषा जातात, त्या परत येत नाहीत. हळद-कुंकू ओल धरतं. त्याच दिवशी पुसून तेलाचा पातळ हात द्या.