ड्रेटन हॉल

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टनजवळ ॲशली नदीच्या काठी असलेली अठराव्या शतकातील मळेदाराची हवेली. जॉन ड्रेटनने ही जमीन १७३८ मध्ये घेतली. घरातील लाकडांची वर्षवलये तपासल्यावर झाडे १७४७-४८ च्या हिवाळ्यात तोडल्याचे दिसले. म्हणजे घर त्यानंतर उभे राहिले. ड्रेटनची श्रीमंती गुलामांच्या कष्टांवर चाललेल्या मळ्यांतून आली आणि बांधकामातही गुलाम कारागिरांचा हात होता. हे वगळून या वास्तूचे वर्णन करणे अप्रामाणिक ठरेल.

इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या शैलीतील हे अमेरिकेतील एक अत्यंत महत्त्वाचे घर. उंच तळघरावर दोन मजले, विटांच्या भिंती, आणि नदीच्या विरुद्ध बाजूस खांबांचा दुमजली मंडप, निम्मा भिंतीच्या आत, निम्मा बाहेर. नदीकडील दालनात दुहेरी जिना आहे. दोन बाजूंच्या उपइमारतींपैकी एक १८८६ च्या भूकंपात, दुसरी १८९३ च्या वादळात गेली.

ड्रेटन घराण्याच्या सात पिढ्यांनंतर १९७४ मध्ये हवेली ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. तिला एखाद्या जुन्या वर्षाचे रूप परत न देता, आली तशीच टिकवायची, असे ठरले. म्हणून आत वीज, नळ वा फर्निचर नाही. चौकटीवरच्या मुलांच्या उंचीच्या खुणाही तशाच आहेत. हा निर्णय योग्यच होता, कारण नव्या रंगाखाली गेलेला पुरावा सहसा परत मिळत नाही.

अशा विटकामाचे खरे नुकसान बहुधा सिमेंटच्या दुरुस्तीने होते. जुन्या मऊ विटा ओल शोषतात आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, ती बाहेर सोडतात. दर्जा सिमेंटने बुजवल्या की ओल विटेतूनच बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाशी साठतात, लोणा लागतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. मग दर्जेचा खराब मसाला छिन्नी-हातोड्याने, दर्जेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल काढावा लागतो. विद्युत करवतीने विटेच्या कडा तुटतात. मूळ मसाल्याचा नमुना तपासून त्याच जातीची वाळू निवडतात. एक भाग चुना व सुमारे तीन भाग वाळू हे प्रमाण नेहमीचे. भरण्याआधी वीट ओली करतात, नाहीतर ती मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि दर्जा भुगा होऊन गळते. भरल्यावर काही दिवस ओले गोणपाट लावतात. मात्र पन्हळी फुटलेल्या असतील आणि पायाशी पाणी साचत असेल, तर आधी ते थांबवावे. त्याशिवाय भरलेला चुना टिकत नाही.