शब्दांच्या आठ जाती आणि मुलांच्या शिकण्याच्या तऱ्हा

मराठीच्या तासाला शिकलेल्या शब्दांच्या आठ जाती आणि इंग्रजीतले आठ ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ एकमेकांशी इतके जुळतात, कारण दोन्हींचं घराणं एकच आहे. शब्दांचे आठ वर्ग पाडले ते ग्रीक वैयाकरणांनी. लॅटिनमध्ये आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) नव्हतं, म्हणून रोमन पंडितांनी ते वगळलं, केवलप्रयोगी अव्यय वेगळं काढलं आणि आठाचा आकडा राखला. विल्यम बुलोकर यांनी १५८६ मध्ये इंग्रजीचं पहिलं व्याकरण छापलं, तेही लॅटिनच्याच साच्यावर. पुढे १७९५ मध्ये लिंडली मरे यांनी यॉर्कमधल्या मुलींच्या शाळेसाठी लिहिलेलं व्याकरण इंग्लंड-अमेरिकेत अनेक दशकं शिकवलं गेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणाच्या मांडणीवरही मरे यांची छाप आहे.

म्हणजे मराठी माध्यमातलं मूल इंग्रजी व्याकरणाकडे कोऱ्या पाटीने येत नाही. नाम, विशेषण, क्रियापद त्याला ओळखीचं असतं. ते अडतं दुसरीकडे. रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं: मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘एट’च. शिवाय ते वाक्याच्या शेवटी न येता ‘राम’च्या लगेच मागे येतं. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांना तर मराठीत जोडीदारच नाही. इथे व्याख्या पाठ करून काहीही हाती लागत नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं, तेव्हा ही अडचण आणखी लहान वयात आली. सहा वर्षांच्या मुलाला व्याख्या सांगून उपयोग काय?

व्याकरणाच्या या जुन्या साच्याच्या मानाने मुलांच्या वेगवेगळ्या बलस्थानांचा विचार शिक्षणात आला तो बराच नंतर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धिमत्तेचे सात वेगळे प्रकार मांडले, पुढे निसर्गविषयक आठवा जोडला. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९० च्या दशकात पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे अशी विभागणी रूढ केली. शिक्षकांना ती मनापासून पटली, कारण पाठांतरात मागे पडलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची जुनी सवय तिने मोडली. हे मोठंच काम झालं.

पण त्यातून ‘हा ऐकून शिकणारा, ती पाहून शिकणारी’ असे शिक्केही मुलांवर बसू लागले. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने ते अधिक शिकतं, याला पुरेसा आधार सापडला नाही. खुद्द गार्डनर यांनीही बुद्धिमत्ता आणि शिकण्याची शैली या वेगळ्या गोष्टी असल्याचं बजावलं आहे.

माझ्या मते पद्धत ठरवावी ती मुलाच्या शिक्क्यावरून नव्हे, तर शिकवायच्या मुद्द्यावरून. शब्दक्रम डोळ्यांना दाखवावा लागतो. अमेरिकेत रीड आणि केलॉग यांनी १८७७ मध्येच वाक्यांच्या आकृत्या काढायला शिकवलं होतं. आपल्या वर्गात ‘राम’, ‘ईट्स’, ‘अ मँगो’ अशा तीन चिठ्ठ्या जागा बदलून मांडल्या तरी पुरे. ‘अ’ की ‘अॅन’ हे मात्र कानानेच ठरतं: ‘अॅन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. अक्षर पाहून हा नियम लावणारं मूल दोन्हीकडे चुकतं, मग त्याला चित्रांची कितीही आवड असो.