सदापर्णी शोभेची झाडे व झुडपे : सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांतील निवड

ज्या प्रदेशांत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठत नाही आणि कडाक्याची थंडी फार काळ टिकत नाही, तेथील बागांत वर्षभर पाने धरून राहणारी झाडे व झुडपे फुले, सुगंध, सावली किंवा आडोसा यांसाठी लावली जातात. सदापर्णी म्हणजे पाने न गळणारे झाड नव्हे. जुने पान गळण्याआधी नवे फुटलेले असते आणि त्यामुळे झाड एकदम निष्पर्ण होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सदापर्णी झाड लावले म्हणून अंगणातील झाडलोट कमी होत नाही.

झाड किती थंडी सोसते यावरून निवड करण्याची पद्धत पाश्चात्त्य उद्यानविद्येत रूढ झाली. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला आणि अलीकडे २०२३ मध्ये सुधारलेला नकाशा वर्षातील नीचतम तापमानाच्या सरासरीवरून प्रदेशाचे १३ पट्टे पाडतो. आठव्या पट्ट्यात हे तापमान उणे १२ ते उणे ७ अंश सेल्सिअस असते, तर दहाव्यात ते उणे १ ते ४ अंशांपर्यंत असते; साधारणपणे आठव्या पट्ट्यापासून पुढचा हिवाळा सौम्य समजतात. मात्र हा नकाशा फक्त सर्वांत थंड रात्रीबद्दल बोलतो. उन्हाळा, पाऊस आणि माती त्यात येत नाहीत. त्याच्या मापाने सिसिलीचा किनारा, कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग आणि पुणे या सर्व ठिकाणी थंडी झाडाच्या जिवावर बेतणारी नाही. तरीही एका ठिकाणी जोमाने वाढणारे झुडूप दुसऱ्या ठिकाणी तग धरीलच असे नाही.

याचे मुख्य कारण पावसाचा ऋतू हे आहे. भूमध्य सागराभोवती आणि कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. ऑलिव्ह, मर्टल, सायप्रस आणि लॉरेल (हे आपल्या स्वयंपाकातील तमालपत्राचे झाड नव्हे, ते दालचिनीच्या वंशातील, भारतीय उपखंडातले आहे) यांची जाड, चिवट किंवा खवल्यांसारखी पाने याच कोरड्या उन्हाळ्यासाठी घडलेली आहेत. तेथे लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करतात, म्हणजे ओल्या हिवाळ्यात मुळे धरतात. दख्खनच्या पठारावर पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. त्यानंतर जमीन आठ महिने वाळत जाते आणि ती सर्वाधिक कोरडी झालेली असतानाच एप्रिल-मेचे ऊन येते. म्हणून लागवड मृगाच्या पावसानंतर करावी लागते आणि झाडाची खरी परीक्षा पहिल्या मे महिन्यात होते. या भागात रोप निवडताना ‘हिवाळ्यात टिकेल का’ यापेक्षा ‘उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर काय होईल’ हा प्रश्न आधी विचारावा. दोन्ही हवामानांत सहज वाढणारे ठळक उदाहरण म्हणजे कण्हेर. निसर्गात ती उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांच्या काठी उगवते आणि भूमध्य प्रदेशापासून भारतापर्यंत आढळते. मात्र तिचा प्रत्येक भाग विषारी आहे; लहान मुले किंवा गुरे जेथे वावरतात तेथे ती, तसेच बिट्टी, लावू नये.

मातीचा प्रश्न याच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. कोकणातील जांभ्याची आम्लधर्मी माती पेंटगूळ, अनंत, सुरंगी आणि नागकेशर यांना मानवते, तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी उत्तम टिकते. देशावरील चुनखडीच्या मातीत मात्र पेंटगूळ व अनंत यांना लोह घेता येत नाही. पान पिवळे पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखत कितीही घातले तरी हा दोष मुळातून जात नाही, आणि विलायती बागांतील कॅमेलिया या आम्ल मातीच्या फुलझुडपाचा हट्ट तर येथे धरूच नये. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून तेथे खड्ड्यापेक्षा उंचवट्यावर लागवड बरी.

वृक्षांत नावाचा घोळ मोठा आहे. रोपवाटिकेत ‘अशोक’ म्हणून सहसा आसोपालव मिळतो. तो सरळसोट वाढतो व कमी जागेत आडोसा देतो. खरा सीताअशोक पश्चिम घाटातील दमट सावलीचा वृक्ष आहे. केशरी-लाल फुलांच्या गुच्छांसाठी तो हवाच असेल, तर भर उन्हातील कोरड्या जागेऐवजी मोठ्या झाडाच्या छायेत लावावा. बकूळ सावकाश वाढते, पण छाटणी सोसते, सावली दाट देते आणि तिची फुले सुकल्यावरही गंध टिकवतात. घाई नसलेल्या माणसाने दुसरे झाड शोधण्याची गरज नाही. सप्तपर्णी रस्त्याकडेला झपाट्याने वाढते, पण दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांचा उग्र वास अनेकांना असह्य होतो, त्यामुळे ती शयनगृहाच्या खिडकीजवळ नको. झटपट हिरवाईसाठी लावल्या गेलेल्या कोनोकार्पस या विदेशी झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. झाड पुढे नकोसे झाले तर काय, हाही विचार आधीच करावा लागतो, कारण महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार वृक्षतोडीला परवानगी लागते.

कुंपणासाठी कुंती लोकप्रिय आहे. पाने बारीक व चकचकीत, कात्रीला सोयीची, आणि छाटणी आवरती घेतली तर पांढरी सुगंधी फुलेही मिळतात. पण ती लिंबूवर्गीय कुळातील असून संत्र्याचा ‘ग्रीनिंग’ रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड तिच्यावर पोसली जाते, म्हणून नागपूर-अमरावतीकडील संत्राबागांजवळ कुंतीचे कुंपण टाळावे. त्याच कुळातल्या कढीलिंबावरही ही कीड येते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना परसातले कढीलिंबाचे रोप क्वारंटाइन भागाबाहेर न्यायला मनाई असते, ती यामुळेच. अर्धसावलीच्या जागी कुंतीऐवजी तगर चालते. देवपूजेसाठी तिची फुले वर्षाचा बराच काळ मिळतात.

थंडीचा विचार महाराष्ट्रात अजिबात करू नये असे मात्र नाही. निफाडच्या परिसरात पारा इतका उतरतो की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही वर्षी दवबिंदू गोठतात. अशा ठिकाणी क्रोटन किंवा पेंटगुळीचे कोवळे शेंडे करपतात. महाबळेश्वर-माथेरानच्या डोंगरावर निळ्या फुलांची अंजनी मात्र स्थानिकच असल्याने तिथली थंडी तिला बाधत नाही. ती बागांत फारशी दिसत नाही, याला तिचे रोप सहजी न मिळणे हेच कारण असावे. थंडीने करपलेले शेंडे लगेच छाटू नयेत. ते खालच्या डोळ्यांना (न फुटलेल्या कोंबांना) पांघरूण देतात, आणि थंडी ओसरून नवी फूट दिसू लागल्यावर जिवंत लाकूड कुठवर आहे ते पाहूनच कात्री लावावी.